मुलांसह फ्रान्सचा ग्रामप्रवास

परदेशगमन ही गोष्ट आपल्या घरांतून आता अपूर्वाईची राहिलेली नाही. ज्या कुटुंबातील एखादा मुलगा, मुलगी, निदान पुतण्या तरी समुद्रापलीकडे नाही, असे कुटुंब आमच्या आळीत शोधूनच काढावे लागेल. तथापि सहकुटुंब प्रवासाची जी आखणी सामान्यतः केली जाते ती पाहिली म्हणजे आम्हांस परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या अभ्यासाची आठवण होते. बारा दिवस, सहा देश, रोज नवे गाव, रोज नवी खोली. मनोऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढले की तो देश 'झाला'. प्रौढांचे यात एक वेळ भागते. मुलांचे भागत नाही. मुलास एखादी जागा कळावयास ती दुसऱ्यांदा दिसावी लागते, आणि तिसऱ्यांदा दिसली म्हणजे ती त्याची होते. हे आम्ही चौतीस वर्षे वर्गात पाहिले आणि आता नातवंडांत पाहत आहो.

येत्या उन्हाळ्यात आमच्या घरी चाळीस दिवसांच्या प्रवासाचा बेत चालला आहे. तो फ्रान्स देशातील खेड्यापाड्यांतून व्हावयाचा असून पॅरिस शहर त्यातून बुद्ध्याच वगळले आहे. कन्येच्या संसारानिमित्त आमचे तिकडे दोनदा जाणे झाले, त्यामुळे या विषयात बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस आला आहे असे आमचे स्नेही समजतात. त्यांपैकी चार-पाच जणांनी "आमच्याही मनात तेच आहे, तुमचे टिपण दाखवा" असे म्हटल्यावरून या महिन्याचे सदर त्या टिपणासच देण्याचे योजिले आहे.

पहिला प्रश्न काळाचा. 'उन्हाळ्याची सुटी' हे शब्द दोन्ही देशांत आहेत, परंतु त्यांचा अर्थ एक नाही. फ्रान्समधील शाळा जुलैच्या आरंभापासून ऑगस्टअखेर बंद असतात, आणि त्या दोन महिन्यांत तो सबंध देश घराबाहेर पडतो. रस्त्यांवरील गर्दीचे भाकीत करणारे सरकारी खातेच तेथे आहे. 'बिझाँ फ्यूते', म्हणजे धूर्त गवा, या नावाने ते १९७६ सालापासून हिरव्या, नारिंगी, तांबड्या आणि काळ्या रंगांनी कोणत्या दिवशी प्रवासास निघू नये हे लोकांस सांगत आले आहे. ऑगस्टमधील काही शनिवार काळे असतात. आपल्याकडे वार्षिक परीक्षा एप्रिलअखेर आटोपतात आणि जूनच्या मध्यास शाळा भरतात. म्हणजे आपल्या मुलांनी तिकडे जावयाचे ते मे महिन्यात. अनेकांस ही अडचण वाटते. आमच्या मते हे भाग्य होय. मे महिन्यात फ्रान्सची मुले शाळेत असतात, घरभाडी उतरलेली असतात, आणि रात्रीचे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. दक्षिणेकडील ऊनही तोवर सोसण्याजोगे असते. त्या भागातील एरो जिल्ह्यात २८ जून २०१९ रोजी पारा ४६ अंशांवर गेला होता, ही गोष्ट 'युरोपात कसला आला आहे उन्हाळा' असे म्हणणारांनी ध्यानात ठेवावी. मे महिन्यात पाऊस येतो आणि नद्यांचे पाणी गार असते, हे खरे. पावसास भिण्याचे आपणांस तरी कारण नाही.

दुसरी गोष्ट आमच्या घरापुरती आहे, परंतु थोड्याफार फरकाने ती पुष्कळ घरांची असेल म्हणून सांगतो. आमची कन्या हॉलंडात असते. तिची मुले नऊ आणि सहा वर्षांची, चिरंजीवांची येथली अकरा आणि आठ वर्षांची. तिकडील दोघांस मराठी समजते, पण उत्तर डच भाषेत येते. दर रविवारी चौघे पडद्यावर समोरासमोर बसविली जातात. "कसा आहेस?" "बरा आहे." मग चौघेही आपापल्या आईकडे पाहतात. चुलत, आते-मामे ही नाती पडद्यावर टिकत नाहीत. ती एका ताटात जेवून, एका अंथरुणावर भांडून टिकतात. या चौघांनी एका छपराखाली काढलेल्या दिवसास आता तीन वर्षे होतील. हॉलंडातील बहुतेक शाळांना एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी जी सुटी असते, ती आणि आमच्या नातवंडांची सुटी यांचा मेळ घालून पाहता सामाईक दिवस निघाले ते जेमतेम दहा. तेव्हा चाळीस दिवसांच्या आखणीत बाकी काहीही हलवावे, हे दहा दिवस हलवावयाचे नाहीत, हे प्रथम ठरले.

चिरंजीवांनी याउपर जो तक्ता तयार करून आमच्यापुढे ठेविला तो दिसावयास फार सुरेख होता. रंगीत रकाने, अंतरे, तास-मिनिटे, आणि मुक्काम सतरा. आम्ही तो परीक्षकाच्या दृष्टीने वाचला. सतरा मुक्काम म्हणजे सोळा वेळा बिऱ्हाड हलविणे. लहान मुले आणि वृद्ध माणसे बरोबर असता सामान बांधणे, भरणे, उतरविणे, नवी न्हाणी आणि नवा दिवा शोधणे यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. म्हणजे आठ दिवस नुसत्या पेट्या उचलण्यात खर्ची पडले. मेघदूतातील यक्ष मेघास निरोप सांगण्यापूर्वी मार्ग सांगतो. कोठे थकवा आला तर कोणत्या शिखरावर टेकावे, कोठे पाणी प्यावे, हे तो सांगतोच, पण उज्जयिनी वाटेत नसताही वळसा घेऊन तेथे राहा असेही सांगतो. आणि मेघास तर सामान नव्हते. चिरंजीवांनी थोडी कुरकुर केली, परंतु त्यांचा विषय गणित असल्यामुळे आठ दिवसांचा हिशेब त्यांस नाकारता येईना. सतराचे तीन झाले. एक घर बर्गंडीत, एक दोर्दोन नदीच्या खोऱ्यात, एक दक्षिणेस उझेस या गावाच्या आसपास.

घर म्हणजे काय, हे येथे सांगावयास पाहिजे. फ्रान्सच्या खेड्यांतून 'झीत' या नावाने बिऱ्हाडे भाड्याने मिळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगराळ मुलखातील खेडी ओस पडू लागली, शेतावरील जुनी घरे मोकळी राहिली. ती दुरुस्त करून शहरातील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांस सुटीपुरती द्यावी, म्हणजे घर वाचेल आणि शेतकऱ्यास चार पैसे मिळतील, अशी कल्पना आल्प्सकडील एमिल ओबेर या विधिमंडळाच्या सभासदाने पुढे आणली. पहिले असे घर १९५१ साली उघडले आणि १९५५ साली या घरांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या घरांची प्रतवारी ताऱ्यांनी न करता गव्हाच्या ओंब्यांनी करतात, एकीपासून पाचीपर्यंत. ही कल्पना आम्हांस फार आवडली. तीन ओंब्यांचे घर आपल्या कुटुंबास पुष्कळ झाले. जुलै-ऑगस्टमध्ये घर शनिवार ते शनिवार घ्यावे लागते. मे महिन्यात मालक दिवसांच्या बाबतीत सवलत देतो. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत की नाहीत, निघताना घराची सफाई कोणी करावयाची, आवारात पोहण्याचा हौद असल्यास त्यास कुंपण आहे काय, आणि वरच्या खोलीचा जिना किती उभा आहे, हे चार प्रश्न पैसे पाठविण्यापूर्वी लिहून विचारावे. शेवटचा प्रश्न सौभाग्यवतींच्या गुडघ्यांकरिता.

परंतु घर निवडताना आमची मुख्य कसोटी निराळीच आहे, आणि तिच्यासाठी आम्ही दोन सुंदर घरे नाकारली. मुलास पायी जाता येईल इतक्या अंतरावर बेकरी असली पाहिजे. फ्रान्समध्ये ३५,००० च्या जवळपास ग्रामपंचायती आहेत. शेकडो लहान गावांत आज एकही दुकान उरलेले नाही. चित्रात असे गाव अति रमणीय दिसते. तेथे राहावयास गेलेल्या कुटुंबाची मुले मात्र दिवसभर मोटारीची वाट पाहत बसतात. मागील खेपेस आमची थोरली नात आठ वर्षांची होती. पहिल्या सकाळी आम्ही तिचे बोट धरून पाव आणावयास गेलो, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. दुकानातील बाईंनीच प्रथम 'बोंझूर' म्हटले आणि त्या थांबून राहिल्या. तिकडे अभिवादन झाल्यावाचून व्यवहारास आरंभच होत नाही. मोठ्या माणसाने थेट वस्तूचे नाव घेतले तर त्यास उद्धट समजतात, आणि पुष्कळ हिंदी प्रवासी "फ्रेंच लोक तुसडे" असे मत घेऊन परततात त्याचे मूळ बहुधा येथे असते. तिसऱ्या दिवशी नातीने 'बोंझूर मादाम' म्हटले, पाचव्या दिवशी 'यून बागेत, सिल व्हू प्ले' हे वाक्य पुरे केले. सातव्या दिवशी ती एकटी गेली. आम्ही फाटकाशी उभे होतो, आणि रस्त्याच्या वळणामागे ती दिसेनाशी झाल्यावर जी सहा-सात मिनिटे गेली ती फार लांबली. परत आली ती पावाचे टोक खातच आली. तिकडील मुलेही तसेच करतात, असे तिने आम्हांस समजावून सांगितले. त्या प्रवासातील काय आठवते म्हणून आज विचारले तर रोमन लोकांनी बांधलेला पूल ती सांगत नाही. बेकरीतील पिठाच्या पोत्यावर निजणारे मांजर सांगते.

आता स्वयंपाक. या प्रकरणावर प्रवासवर्णनांतून कोणी फारसे लिहीत नाही, कारण लिहिणारे बहुधा जेवणारे असतात. दहा माणसे एका घरात राहणार, तिघी बायका, आणि पहिल्याच बैठकीत सूनबाईंनी विचारले, "मामंजी, ही सुटी कोणाकोणाची आहे?" प्रश्न रास्त होता. बर्गंडीत जाऊन दोन्ही वेळा पोळ्या लाटावयाच्या असतील तर पुण्यास काय वाईट? बाहेर जेवावे म्हणावे तर खेड्यातील खानावळी दुपारी बारा ते दोन याच वेळात जेवण देतात, आणि शाकाहारी माणसाची तेथे बरीच त्रेधा उडते. कोशिंबिरीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, दोर्दोनकडे बटाटे बदकाच्या चरबीत परततात, आणि 'मांस नको' म्हटल्यास मासे पुढे येतात. चीजविषयीही एक गोष्ट आपल्या घरांतून ठाऊक नसते: रोकफोर, काँते यांसारखी नामांकित चीजे वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेली असतात. ज्यांस हे चालत नाही त्यांनी वेष्टनावरील मजकूर वाचून वनस्पतिजन्य विरजणाचे चीज घ्यावे. चालते की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

तोड सौभाग्यवतींनी काढली. पोळपाट-लाटणे न्यावयाचे नाही. "पोळपाट नेला की लाटणारीची सुटी संपली," हे त्यांचे शब्द. दुपारी तिकडचा पाव, लोणी, कोशिंबीर, फळे. तेथील पारंपरिक पावाविषयी १९९३ चा सरकारी नियमच आहे की पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण यांची कणीक तिंबून तो भाजला पाहिजे. तो खाऊन पोळीची आठवण निदान सहा आठवडे तरी येऊ नये. रात्री एकच शिजविलेला पदार्थ, आणि भांडी पुरुषांनी घासावयाची. जावयांनी या शेवटच्या कलमास प्रथम संमती दिली हे नमूद करतो. बरोबर कुकर, मिसळणाचा डबा, गोडा मसाला आणि मेतकूट. तूप नेऊ नये. दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून आणण्यास युरोपीय संघात बंदी आहे. तेथील लोणी उत्तम असते, ते कढविले की झाले. ल प्युई या गावाच्या परिसरात हिरवट रंगाची बारीक मसूर पिकते. तिच्या नावास १९९६ साली सरकारी संरक्षण मिळाले, म्हणजे दुसऱ्या मुलखातील मसूर त्या नावाने विकता येत नाही. त्या मसुरीची आमटी गोड्या मसाल्यात जी होते तिला तोड नाही.

हॉलंडहून बर्गंडीस मोटारीने जाताना वाटेत एक रात्र लील शहराजवळ काढावयाची आहे. त्याचे कारण नव्ह शापेल हे खेडे. सपाट शेते, बीटची आणि गव्हाची. रस्त्याच्या कडेस एक वर्तुळाकार प्राकार आणि मध्ये कमळ धारण करणारा स्तंभ. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. हे स्मारक १९२७ साली उघडले. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी हे गाव जर्मनांच्या हातून परत घेण्यासाठी जो हल्ला झाला त्यात आपल्या खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या, आणि त्यांची फार हानी झाली. पुण्यातील मुलास खडकी ठाऊक असते. तेथून निघालेला माणूस या बीटच्या शेतात का मेला, हा प्रश्न त्यास पडू द्यावा. उत्तर लगेच देण्याची घाई करू नये. मुलांस कंटाळा येईल या भीतीने असली स्थळे टाळतात, परंतु अर्ध्या तासाने कोणी कंटाळत नाही.

बर्गंडीत दहा दिवसांकरिता एकच मोठे आकर्षण ठेविले आहे, ते म्हणजे गेदलाँ. तेथे १९९७ सालापासून तेराव्या शतकातील पद्धतीने एक किल्ला नव्याने बांधीत आहेत. विजेचे यंत्र नाही. दगड तेथल्याच खाणीतला, लाकूड तेथल्याच रानातले. लोहार, सुतार, पाथरवट, दोर वळणारे आपापल्या जागी काम करताना दिसतात. मोठ्या लाकडी चाकाच्या आत माणूस चालतो आणि त्या चाकाच्या जोरावर दगड वर चढतो. आम्हांस स्वतःस जी गोष्ट पाहून उचंबळून आले ती साधी दोरी होती. समान अंतरावर तेरा गाठी मारलेली, म्हणजे बारा भागांची. तीन, चार आणि पाच भागांवर ती ताणली की काटकोन होतो, आणि गवंडी त्यावरून भिंतीचा कोपरा धरतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीची रचना अशाच दोरीने सांगितली आहे. शुल्ब म्हणजेच दोरी. चौघांही मुलांस एकेक गाठाळ दोरी करून द्यावयाची आणि घराच्या अंगणात काटकोन शोधावयास लावावयाचे, असा आमचा मनसुबा आहे. दोरी ताणावयास तिघे लागतात आणि चौथा खुंटी मारतो. तेथे 'इकडे धर', 'ओढ', 'सोड' हे शब्द आपोआप लागतील, आणि ते कोणत्या भाषेत येतात हे आम्ही पाहणार आहो.

त्या दहा दिवसांत १ मे येतो, आणि कदाचित ८ मेही. १ मे रोजी तिकडे लोक परस्परांस घंटेच्या आकाराच्या पांढऱ्या फुलांची काडी देतात. ८ मे हा १९४५ च्या विजयाचा दिवस. जवळजवळ प्रत्येक खेड्यात युद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगड असतो आणि त्यापुढे सरपंच पुष्पचक्र वाहतात. दोन्ही दिवशी दुकाने बंद. एरवीही रविवार दुपार आणि सोमवार बंदच समजावा. शिधा आदल्या दिवशी भरून ठेवणे हे अशा गावात गृहिणीचे नव्हे, सर्वांचे काम आहे.

हॉलंडची मंडळी परत गेल्यावर उरलेले आम्ही सहा जण दोर्दोनकडे जाऊ. हा मुलूख गुहांचा. १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलांनी लास्कोची गुहा शोधून काढली, आणि भिंतीवरील सुमारे १७,००० वर्षांपूर्वीचे बैल-घोडे पुन्हा मनुष्याच्या दृष्टीस पडले. पाहणारांच्या श्वासाने रंग बिघडू लागल्यामुळे १९६३ साली ती बंद केली. २०१६ पासून मोंतिन्याक येथे सबंध गुहेची जी प्रतिकृती आहे ती कौशल्याची परमावधी होय. तरी पण आठ वर्षांचा मुलगा "म्हणजे हे खरे नाही?" असे विचारणारच. त्यास खरे दाखवावयाचे तर लॉत नदीकडील पेश मेर्ल येथे जावे. ही गुहादेखील १९२२ साली दोन पोरांनीच शोधली. ठिपक्यांचे दोन घोडे, भिंतीवर उमटविलेले मनुष्याचे हात, आणि एका ठिकाणी चिखलात राहिलेली कोवळ्या वयाच्या मनुष्याची पावले. रोज ठराविक लोकांसच आत सोडतात, म्हणून जागा आधी राखून ठेवाव्या. पादिराकचा भूगर्भातील प्रवाह, जेथे १०३ मीटर खाली उतरून नावेत बसतात, तोही यादीत आहे. बाकी काही नाही. पंधरा दिवसांत तीन ठिकाणे, बुधवारी किंवा शनिवारी सार्लाचा बाजार, आणि नदी. त्या बाजारात बदके आणि हंसांचे यकृत यांचीच दुकाने पुढे मांडलेली असतात. ज्यांस ते पाहवत नाही त्यांनी सरळ अक्रोड आणि स्ट्रॉबेरी यांच्या रांगेकडे वळावे.

उझेसचे घर आम्ही आमच्या स्वतःच्या हट्टाने मिळविले आहे. तेथून सेरिन्याँ हे खेडे तासा-दीड तासावर, आणि सेरिन्याँस आंरी फाब्र या शाळामास्तराचे घर आहे. गरीब शेतकऱ्याच्या पोटी १८२३ साली जन्मलेला हा मनुष्य तुटपुंज्या पगारावर शिकवीत असे आणि रस्त्याच्या कडेस पालथा पडून किडे पाहत असे. आविन्याँत मुलींच्या वर्गास फुलांतील फलधारणा समजावून सांगितली म्हणून गावातील सोवळ्या मंडळींनी गिल्ला केला आणि १८७० च्या सुमारास त्यास नोकरी व घर दोन्ही सोडावी लागली. पुढे १८७९ साली त्याने सेरिन्याँस दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची एक पडीक जागा घेतली. दुसऱ्यास जी निरुपयोगी ती किड्यांना उत्तम. तेथे छत्तीस वर्षे राहून त्याने कीटकांच्या निरीक्षणाचे दहा ग्रंथ पुरे केले. सुरवंटांची एक रांग त्याच्या कुंडीच्या काठावर चढली आणि पुढच्याच्या मागे चालण्याच्या खोडीमुळे आठवडाभर वर्तुळात फिरत राहिली, ही त्याची हकीगत आम्ही पुष्कळ वर्षे इयत्ता सातवीस सांगत आलो. ते घर आज संग्रहालय आहे. भिंग दोन न्यावयाची, एक नातवास आणि एक आम्हांस.

रस्त्याविषयी थोडक्यात. वाहन उजव्या बाजूने चालते हे सर्वांस ठाऊक असते. गावात शिरल्यावर विरुद्ध खूण नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे लागते, हे ठाऊक नसते, आणि अपघात तेथेच होतात. दुपदरी ग्रामीण रस्त्यांवर २०१८ पासून वेग सामान्यतः ताशी ८० किलोमीटर, काही जिल्ह्यांत ९०. दहा वर्षांखालील मुलाने मागेच, त्याच्या आकाराच्या आसनावर बसावयाचे. आंतरराष्ट्रीय परवाना येथूनच काढून न्यावा. कोठेही संकट आले तर ११२ हा क्रमांक मुलांसही पाठ असावा.

प्रवेशपत्राचा अर्ज निघण्याच्या दिवसापूर्वी सहा महिन्यांहून अधिक आधी घेत नाहीत. एप्रिलअखेर निघणारांस म्हणजे दिवाळीच्या सुमारास दार उघडते, आणि उशीर करण्यात शहाणपण नाही. ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्याच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा असतो, म्हणून कन्या हॉलंडात असली तरी आमचा अर्ज फ्रान्सकडे. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, मुलांच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्या सह्या, आणि राहण्याच्या जागांची पत्रे. तीन घरे असल्यामुळे ही पत्रे तीनच लागली, तेव्हा चिरंजीवांनी सतरांचा आग्रह प्रथमच मनापासून सोडला.

एक कलम अद्याप मिटावयाचे आहे. १८७८ साली स्टीव्हन्सन या इंग्रजी ग्रंथकाराने मोदेस्तीन नावाची गाढवी बरोबर घेऊन सेव्हेन डोंगरांतून बारा दिवसांची पायी यात्रा केली, ही गोष्ट आम्ही एका रात्री जेवताना सहज बोललो. आज त्याच वाटेवर सामान वाहण्यास आणि लहान मुलास बसविण्यास गाढवे भाड्याने मिळतात, आणि जी मुले एरवी अर्धा कोस चालावयास तयार नसतात ती गाढवामागे दिवसभर चालतात, असेही सांगून बसलो. तेव्हापासून नातवंडांनी उझेसच्या मुक्कामातील दोन दिवस गाढवासाठी मागितले आहेत, आणि हॉलंडची दोघेही, स्वतः तेथे नसणार हे ठाऊक असून, रविवारी पडद्यावर येऊन गाढवाचे नाव काय असावे याची चर्चा करू लागली आहेत. सहा वर्षांच्या धाकट्याने परवा 'गाढवोबा' असे स्पष्ट मराठीत सुचविले. गाढवास ओढावयाचे कोणी, हा सौभाग्यवतींचा प्रश्न शिल्लक आहे. गाढवांच्या मालकास पत्र गेले आहे. उत्तर यावयाचे आहे.